सायकल तुमचीच, काका

माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला की मी टॉवेल उचलतो. थेंब आधी भुवईवर थांबतो. मग नाकाच्या शेंड्यावर येतो, तिथे जरा लोंबकळतो, आणि पडतो तो थेट माझ्या सायकलच्या हँडलच्या सांध्यावर. त्या सांध्यात पोलादाच्या बारीक गोळ्या आहेत. मी त्यांना वर्षातून दोनदा ग्रीस लावायचो, तेही हात धुऊन.

माझ्या सायकलच्या म्हणालो ना? चुकलं. त्यांच्या सायकलच्या.

सुरुवात केली ती मुनीराने. मुनीरा माझी बायको. मेच्या सुरुवातीला तिने गाडी मागे घेतली आणि माझी जुनी सायकल चपटी केली. ती अजूनही म्हणते, सायकलच मागून आली.

आता, कुवेतमध्ये उन्हाळ्यात सायकल बाहेर काढणारा एकतर वेडा असतो नाहीतर नवा आलेला असतो. डांबराला चप्पल चिकटते, बाटलीतल्या पाण्याचा चहा होतो. म्हणून ऑक्टोबरपर्यंत आम्ही सगळे सायकलवाले घरात. मागचं चाक काढायचं, सायकल ट्रेनर नावाच्या यंत्रावर चढवायची, एसी चालू करायचा, टीव्ही लावायचा आणि जागच्या जागी पाय मारत बसायचं. टीव्हीवर डोंगर येतात, झाडं येतात, आणि एक छोटा माणूस आपलं नाव डोक्यावर घेऊन चढ चढतो. पण हे काम जुन्या सायकलवर करायचं असतं. चांगली सायकल थंडीसाठी.

माझी चांगली सायकल इटलीहून आलेली. कार्बनची, खोल समुद्राच्या निळ्या रंगाची. दोन बोटांवर उचलली जायची. मुनीराने लग्नाच्या वाढदिवसाला विचारलं होतं, "आग लागली तर आधी काय बाहेर काढशील?" मी म्हणालो, "तुला पाय आहेत." तो वाढदिवस तसाच गेला.

आमच्या सायकल-टोळीचा म्होरक्या मुसायद. त्याला विचारलं, चांगली सायकल ट्रेनरवर लावू का?

"वेड लागलंय?" तो म्हणाला. "बाहेर घाम वारा नेतो. आत घाम सायकल पिते. समुद्रात बुडवून ठेव त्यापेक्षा, लवकर सुटेल बिचारी."

"पण थंडीतल्या पहिल्या शुक्रवारची शर्यत?"

ही शर्यत आमच्याच टोळीची, किनाऱ्याकिनाऱ्याने खैरानपर्यंत. गेल्या वर्षी मी मुसायदच्या पाठोपाठ दुसरा आलो होतो. तेव्हापासून त्याची पाठ माझ्या स्वप्नात येते.

"मग टॉवेल टाक तिच्यावर," मुसायद म्हणाला. "आणि दुसऱ्या कोणाला बसू देऊ नकोस."

सायकल ठेवायची कुठे हा प्रश्न होता. मुनीरा म्हणाली, "झोपायच्या खोलीत ती राहील किंवा मी." मी विचार करायला थोडा वेळ घेतला, हा माझा दुसरा गुन्हा. शेवटी सायकल गेली बैठकीत. आमची बैठक पुरुषांची, दार वेगळं, एसी घरातला सगळ्यात मोठा. माणसं येतात फक्त मंगळवारी. मंगळवारी सायकल उचलून आत ठेवायची, बुधवारी परत. सोपं.

पहिल्याच मंगळवारी मी ऐन चढावर होतो आणि सासरे, बू जर्राह, नेहमीप्रमाणे वेळेच्या तासभर आधी आले. मागोमाग सगळी बैठक. मी तोकड्या, अंगाला चिकटलेल्या चड्डीत. आमच्यात सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानेही जात नाहीत! तिथून जो पळालो तो आत जाऊन झगा चढवून, रुमाल डोक्यावर टाकून परत आलो. सगळे सायकलभोवती उभे. बू जर्राह सीटवरून हात फिरवत होते.

"माशाल्ला," ते म्हणाले. "काय देखणी आहे! सायकल कसली, घोडी आहे घोडी."

पाहुण्याने तारीफ केली की आमचं तोंड आपोआप उघडतं. त्यात डोक्याचा संबंध नसतो. मी हे घड्याळाबद्दल म्हटलंय, गाडीबद्दल म्हटलंय, एकदा तर माझ्या बॅगेकडे कौतुकाने बघणाऱ्या विमानतळावरच्या तपासनिसालाही म्हटलंय.

"तुमचीच आहे, काका," मी म्हणालो. सासऱ्याला आमच्यात काकाच म्हणतात.

यावर समोरच्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. "देणाऱ्याचा हात मोठा. वस्तू धन्यालाच शोभते." मग दोघांनी छातीवर हात ठेवायचा, आणि कॉफी.

बू जर्राह माझ्याकडे बघून म्हणाले, "कबूल."

बू सगर म्हणून त्यांचे जुने दोस्त आहेत, त्यांचा कप ओठाशी थांबला. माझा मेहुणा जर्राह, ज्याच्या नावावरून सासरे बू जर्राह, कॉफी ओतत होता, तो ओततच राहिला. कप भरला, बशी भरली, आमच्या केशर घातलेल्या कॉफीने गालिचा पिवळा झाला. त्या खोलीतल्या कोणाच्या बापाने किंवा आजोबाने असं काही ऐकलं नव्हतं. आणि मी? मी हसलो. सगळे दात दाखवून हसलो. दुसरं काय करणार होतो?

"गाडीत ठेवून देऊ का?" माझ्या तोंडातून आवाज आला.

"नको, नको. घरी नेली तर तुझी सासू तिच्यावर अबाया वाळत घालेल. इथेच राहू दे. डॉक्टर म्हणतो साखर वाढलीय, चाला. या उन्हात कुठे चालू? मी रोज दुपारची असरची नमाज झाली की येत जाईन."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, त्याची फळं.

दुसऱ्या दिवसापासून ते यायला लागले. पायघोळ झगा घालूनच बसले. अर्ध्या मिनिटात झग्याचं टोक साखळीत. साखळी झगा गिळत चालली आणि काका खाली ओढले जात चालले.

"थांबा, काका! कात्री आणतो!"

"झगा नवा आहे!" काका ओरडले. "साखळी काप!"

मी गुडघ्यावर बसून, साखळी उलटी फिरवून, झगा बोटबोटभर सोडवला. साखळी वाचली. झगाही वाचला, पण काळा झाला, आणि तो दोष सायकलच्या "घाणेरड्या तेलाचा" ठरला. दुसऱ्या दिवशी काकांबरोबर आलेल्या सासूबाईंनी भांड्यांचा साबण लावून साखळी लख्ख धुऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी ती मांजरासारखी ओरडायला लागली.

मग काका पांढऱ्या लेंग्यावर बसायला लागले. हँडलवर तिळाची ताहिनी घातलेल्या खजुरांची वाटी. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा. थेंब नाकावर आला की मी टॉवेल पुढे करायचो. घरात सगळे म्हणायला लागले, जावई असावा तर असा, सासऱ्याचा घाम पुसतो! एकदा सासूबाईंना वाटलं सायकलला घामाचा वास येतो, म्हणून त्यांनी खाली ऊदाची धुपाटणी ठेवली. आत जळता कोळसा. वर कार्बन. मी ती धुपाटणी हाताने उचलली. तळहातावरचा फोड आठवडाभर राहिला.

मी काय काय नाही केलं! ट्रेनर फोनवरून जड करता येतो. मी खिशात हात घालून चढ वाढवला. वाटलं, दमतील, कंटाळतील. काका लाल झाले, फुसफुसले, आणि म्हणाले, "आज रस्त्यात दम आहे!" पुढच्या दिवशी आणखी चढ मागितला. त्यांचं पोट उतरायला लागलं. मी मात्र तणावाने रात्री उठून उरलेला मचबूस, म्हणजे आमचा मटणभात, खायचो. त्यांचं पोट माझ्याकडे यायला लागलं.

टीव्हीवरचा छोटा माणूस तर माझ्याच नावाचा. जगभरातल्या लोकांसोबत धावतो आणि रोज दुपारी शेवटचा येतो. मुसायदचा फोन आला.

"हमूद, तब्येत बरी आहे ना? काल तुला नॉर्वेची एक आजी मागे टाकून गेली."

मग मला ते सुचलं. सायकल आता काकांची. म्हणजे तारीफ करायची पाळी माझी! मी तारीफ करायची, त्यांनी म्हणायचं "तुझीच आहे", मी म्हणायचं "कबूल". त्यांचाच शब्द, त्यांच्याच घशात.

मंगळवारी भर बैठकीत मी सायकलसमोर उभा राहिलो.

"काका, काय सायकल आहे हो तुमची! अख्ख्या कुवेतमध्ये अशी दुसरी नाही! रंग बघा, बांधा बघा! माझी तर नजर हटत नाही!"

आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबलो. काकांचे पाय थांबले.

"माशाल्ला म्हण," ते हळूच म्हणाले.

उत्साहात विसरलोच होतो.

"माशाल्ला म्हण, पोरा!" बू सगर ओरडले. "म्हाताऱ्याला नजर लावतोस?"

"माशाल्ला, माशाल्ला!" मी म्हणालो. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी काकांचा गुडघा सुजला.

आता नजरेवरचा उतारा आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो. ज्याची नजर लागली त्याने प्यालेल्या कॉफीचा गाळ आणि खाल्लेल्या खजुरांच्या बिया गुपचूप उचलायच्या, पाण्यात भिजवायच्या, आणि ते पाणी ज्याला नजर लागली त्याच्यावर ओतायचं. त्याच संध्याकाळी माझा कप जर्राहने पळवला. मला वाटलं, मेहुणा कधी नव्हे ते भांडी आवरतोय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बैठकीत सासूबाई. हातात भला मोठा जग. गुडघा आधीच धुऊन झाला होता. उरलेलं पाणी त्या हँडलपासून सीटपर्यंत, प्रार्थना पुटपुटत, सावकाश ओतत होत्या. माझे गिअर बॅटरीवर चालतात.

"उम्म जर्राह!" मी किंचाळलो.

"लाजू नकोस," त्या म्हणाल्या. "तू मुद्दाम नाही लावलीस. नजरेवर कोणाचा ताबा असतो?"

माझ्याच उष्ट्या कॉफीने माझ्याच सायकलला आंघोळ. गिअरमधून एक बारीक आवाज आला, पिल्लू चिरडल्यासारखा, आणि सायकल सगळ्यात जड गिअरवर अडकली ती कायमची. काकांच्या गुडघ्याची सूज मात्र दोन दिवसांत उतरली, तेही सांगायलाच हवं. पुन्हा बसले तेव्हा म्हणाले, "धुतल्यापासून जास्त चांगली चालते."

दरम्यान आमची बैठक बिघडली होती. लोक घड्याळं खिशात घालून यायला लागले. कोणी कशाचीच तारीफ करेना, कारण समोरचा "तुमचीच आहे" म्हणताना घाबरतो आणि मग दोघांचीही पंचाईत होते. बू सगरनी आपला शिकारी बाज पक्षी आणणं बंद केलं. हवापाण्यावर बोलायचं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात हवेबद्दल बोलण्यासारखं एकच वाक्य असतं.

एकदा आम्ही दोघंच होतो. मी न राहवून विचारलं, "काका, त्या दिवशी कबूल कसं काय म्हणालात?"

ते पाय मारत राहिले. "तरुणपणी एकाच्या अंगणात होडी पाहिली होती. सागवानी, नवीकोरी. तो म्हणाला तुझीच आहे. मी म्हणालो धन्यालाच शोभते. मग बंदूक, मग बाज, मग काय काय. सगळं आयुष्यभर धन्यालाच शोभलं, बघ. त्या दिवशी म्हटलं, एकदा घेऊन तर बघू काय होतं."

"काय झालं मग?"

"काही नाही झालं! उलट तू किती खूश झालास. दात मावत नव्हते तोंडात."

मी टॉवेल पुढे केला.

ऑक्टोबर संपत आला. सकाळी खिडकीच्या काचेला हात लावता यायला लागला. शर्यत तोंडावर. मी मुनीरापुढे हात जोडले.

"सरळ मागून घे," ती म्हणाली.

"दिलेली वस्तू? तुझ्या बापाकडून? मग मला देश सोडावा लागेल."

"मग मी त्यांच्या कानावर घालते, की तुझी शर्यत आहे. मागत नाही, नुसतं कानावर. ते आपणहून देतील. पण तू," तिने माझ्याकडे चमचा रोखला, "तू एकच शब्द बोलायचास."

आणि स्वयंपाकघरात माझी तालीम सुरू झाली. मुनीरा आवाज जाड करून म्हणायची, "हमूद, सायकल तुझीच आहे."

"छे छे, काका, देणाऱ्याचा—"

चमचा मनगटावर.

"हमूद, सायकल तुझी!"

"धन्याला—"

चमचा.

गाडी चालवताना म्हणायचो. आंघोळ करताना म्हणायचो. कबूल, कबूल, कबूल. सोमवारपर्यंत जीभ अशी तयार झाली की ऑफिसात चहावाल्याने विचारलं "साखर?" तर मी म्हणालो "कबूल". साहेबांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कोण येईल?" मी म्हणालो "कबूल". मुनीराला कळलं तेव्हा तिने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, "आता तू तयार आहेस."

मंगळवार. काकांच्या रक्ताचा अहवाल आला होता, साखर उतरली होती. त्या आनंदात त्यांनी अख्खा मेंढा भातावर घालून आणला होता. मुसायदही आला होता. त्याच्या गाडीला मागे सायकल अडकवायचा स्टँड लावलेला, आणि त्याने बसायची जागाही दाराजवळची धरलेली. आतल्या दाराच्या फटीत मुनीरा असणार हे मला ठाऊक होतं.

जेवणं झाली. काका उठले, सायकलवर हात ठेवला.

"या सायकलने मला वाचवलं," ते म्हणाले. "पण ऐकतोय की हमूदला रस्ता खुणावतोय. पोरा, ये इकडे. ही सायकल तुझीच आहे."

मुसायद अर्धा उठला. मी श्वास घेतला. क तोंडात तयार होता, घशापाशी, अगदी जिभेच्या मागे. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एक हात अजून सीटवर होता, तो हलला नव्हता. सगळ्यांचे डोळे माझ्यावर, आणि माझी छाती आपोआप पुढे आली, हात आपोआप छातीवर गेला, आणि मी, माझ्याच कानांनी, स्वतःला ऐकलं:

"वल्लाह, नाही, काका! देणाऱ्याचा हात मोठा! वस्तू धन्यालाच शोभते!"

आतल्या दारामागे चमचा पडला.

आता रीत काय आहे? देणाऱ्याने पुन्हा आग्रह करायचा. निदान तीनदा. दुसऱ्यांदा मी नक्की म्हटलं असतं! मी तसाच उभा राहिलो, डोळ्यांनी भीक मागत. म्हणा, काका. एकदा म्हणा.

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी मला मिठीत घेतलं.

"मला वाटलंच होतं," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मुनीरा उगाच काहीतरी सांगत होती, असं तुझ्या सासूला मी म्हटलंच होतं."

बैठकीने वाहवा केली. बू सगरनी डोळे पुसले, म्हणाले रीतभात अजून जिवंत आहे. मुसायद माझ्याकडे बघत होता, जसं आपण भिंतीला धडकणाऱ्या गाडीकडे बघतो.

तरी माझी एक आशा शिल्लक होती. मी काकांना म्हणालो, "हवा छान झालीय. आता बाहेर चालवा सायकल. ट्रेनरवरून काढून देतो." मनात म्हटलं, देव मला क्षमा करो, एकदा पडू देत. फार नाही, वाळूत. घाबरतील आणि आपण होऊन सोडतील.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला खांबामागे ओढलं.

"हमूद, कोणाला सांगू नकोस. मला सायकल येत नाही."

"येत नाही?"

"कधी शिकलोच नाही. आमच्या लहानपणी समुद्र होता, सायकल कोणाला हवी? ती त्या यंत्रात अशी घट्ट उभी असते म्हणून. काढू नकोस हां तिला तिथून. कधीच."

दर हिवाळ्याप्रमाणे आमचं घर वाळवंटात तंबू ठोकायला गेलं. ट्रेनरही गेला. सायकलही गेली. जनरेटर लावला, टीव्ही लावला, काकांनी तंबूच्या मधोमध जागा निवडली. बाहेर वर्षातली सगळ्यात सुंदर हवा, रस्ता रिकामा, सपाट, वारा पाठीवर. आत माझी सायकल, खाली खिळलेली, हँडलच्या सांध्यातून गंजाचा लाल ओघळ, साखळीत वाळू, आणि शेजारी टॉवेल घेऊन मी.

तो थंडीतला पहिला शुक्रवार होता, शर्यतीचा. तंबूचा पडदा वर बांधलेला होता. सकाळी लांबवर रस्त्यावर रंगीत ठिपके दिसले. एकामागे एक, वाकलेले, मुंग्यांच्या रांगेसारखे. सगळ्यात पुढे मुसायदची पाठ. ती मी कुठेही ओळखेन. त्याच्या मागे, माझ्या जागेवर, कोणीतरी दुसराच होता.

काकांनी पाय न थांबवता मान वळवली. थेंब भुवईवर आला होता.

"हमूद, एवढे सगळे कुठे चाललेत रे?"

"खैरानला, काका."

"असं?" काकांनी हँडल घट्ट धरलं आणि पुढे वाकले. "मग आपणही जाऊ. लाव जरा चढ."

मी थेंब टिपला, खिशात हात घातला आणि चढ लावला.